चौधरी चरण सिंह : शेताचे तुकडे जोडणारा नेता

२३ डिसेंबरला आपण राष्ट्रीय शेतकरी दिन साजरा करतो. तो चौधरी चरण सिंह यांचा जन्मदिवस. भाषणात आपण त्यांना माजी पंतप्रधान म्हणून मोकळे होतो. पण पंतप्रधान ते जेमतेम साडेपाच महिने होते, २८ जुलै १९७९ ते १४ जानेवारी १९८०. शेतकऱ्यासाठी त्यांनी केलेलं मोठं काम त्याच्या पंचवीस वर्षं आधीचं आहे. आज तेच बघू.

१९०२ साली मेरठ जिल्ह्यातल्या नूरपूर गावात त्यांचा जन्म झाला. वडील मीर सिंह जमीनदाराची जमीन कसायचे. चरण सिंह शिकले, वकील झाले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आणि १९३७ मध्ये छपरौलीतून प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले. उत्तर प्रदेशात १ जुलै १९५२ पासून जमीनदारी संपली, त्या कायद्यामागे त्यांचीच मेहनत होती.

जमीन कसणाऱ्याची झाली खरी, पण ती होती कशी? समजा एका शेतकऱ्याची चार एकर जमीन आहे. अर्धा एकर ओढ्याकाठी, पाऊण एकर गावाच्या दुसऱ्या टोकाला, बाकीची आणखी पाच ठिकाणी. वाटण्या होत होत असे तुकडे पडलेले. आता विहीर कुठे खणायची? बैल घेऊन दिवसभर किती फिरायचं? बांधातच किती जमीन जाते आणि बांधावरून भांडणं किती होतात, हे शेतकऱ्याच्या मुलांना मी वेगळं सांगायला नको.

महसूल खातं सांभाळत असताना चरण सिंह यांनी १९५३ मध्ये जोत एकत्रीकरणाचा कायदा आणला. तिकडे याला चकबंदी म्हणतात. चक म्हणजे सलग शेत.

खरी अडचण पुढेच आहे. माझी काळी कसदार जमीन घेऊन मला खारवट माळ दिला तर? म्हणून एकराला एकर अशी अदलाबदल करायची नाही, किंमत बघून करायची, असं ठरलं. चांगल्या जमिनीला सोळा आणे धरायचे, हलकीला त्या मानाने बारा, आठ. म्हणजे बारा आणेवाली चार एकर देणाऱ्याला सोळा आणेवाली तीन एकर मिळणार. गणित करून बघा, दोन्हीकडे अठ्ठेचाळीसच येतात! एकूण क्षेत्रात पंचवीस टक्क्यांहून जास्त फरक पडू द्यायचा नाही, वरिष्ठांची परवानगी असेल तरच. होता होईल तो ज्याची जास्त जमीन जिथे, तिथेच त्याचा चक. झाडं आणि विहिरी दुसऱ्याकडे गेल्या तर त्यांची भरपाई. शिवाय हरकत घ्यायची सोय होतीच.

हे सगळं कागदावर अवलंबून, आणि कागद पटवाऱ्याच्या हातात. पटवारी म्हणजे आपल्याकडचा तलाठी. १९५३ मध्येच सुमारे २७,००० पटवाऱ्यांनी दबाव आणायला एकदम राजीनामे दिले. चरण सिंह यांनी ते सरळ मंजूर केले आणि लेखपाल नावाची नवी पदं भरली. माणूस किती हट्टी होता, हे यावरून कळतं. मला विचाराल तर तो हट्ट तिथे गरजेचाच होता.

तरी सगळं गोड झालं असं समजू नका. आणे ठरवणारा माणूसच असतो. वजनदार शेतकऱ्याने चांगला चक लाटला, लाच चालली, अशा तक्रारी झाल्या. खटले वर्षानुवर्षं चालले. आणि ज्याला जमीनच नव्हती त्या मजुराच्या हाती या अदलाबदलीत काहीच आलं नाही. चरिताच्या पुस्तकात ही बाजू पटकन सापडत नाही.

१९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव आला. चरण सिंह यांनी थेट नेहरूंना विरोध केला. बांध काढा, पण शेत ज्याचं त्याचंच राहू द्या, हा त्यांचा आग्रह. १९६७ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. २९ मे १९८७ रोजी त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा त्यांच्याही आधी, १९४७ सालीच मुंबई प्रांतात झाला होता. घरच्या सातबाऱ्यावर सर्व्हे नंबरऐवजी गट नंबर आहे का बघा. असेल तर आजोबांना विचारा, एकत्रीकरणात आपली कुठली जमीन गेली आणि कुठली आली. उत्तर वहीत लिहून आणा.