सावता माळी
संत सावता माळी (इ.स. १२५० – इ.स. १२९५) हे ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातील वारकरी संतकवी होत. त्यांचे गाव अरण (सध्या सोलापूर जिल्हा, माढा तालुका) पंढरपूरपासून फारसे दूर नाही. तरीही मळा सोडून ते कधी वारीस गेले नाहीत, असे परंपरा सांगते. मळ्यातल्या भाजीतच त्यांना विठ्ठल भेटे. खुरपणी करावी, मोट हाकावी, मुखी नाम असावे, एवढाच त्यांचा नित्यनेम. संसाराला मात्र याची झळ लागली: माहेरच्या पाहुण्यांकडे दुर्लक्ष झाल्याने पत्नी जनाबाई रागावल्याची आख्यायिका आहे. त्यांचे अवघे ३७ अभंग उपलब्ध असून ते काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले. अरण येथे त्यांची समाधी आहे. आषाढात पंढरपूरहून विठ्ठलाचीच पालखी तेथे येते.