न्या. रानडे आणि त्यांच्या सभा

हाती राज्य नाही, कायदेमंडळात खरा आवाज नाही, अशा पारतंत्र्यात राष्ट्राची उभारणी करावयाची कशी? या प्रश्नाला न्या. महादेव गोविंद रानडे यांनी दिलेले उत्तर म्हणजे सभा. १८४२ साली निफाड येथे जन्मलेले रानडे १८७१ मध्ये न्यायखात्यातील अधिकारी म्हणून पुण्यास आले. गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने निघालेली सार्वजनिक सभा तेव्हा अवघी वर्षाची होती. सरकारी नोकरीमुळे रानडे यांना तिचे पुढारीपण उघडपणे पत्करता आले नाही. तथापि तिच्या विचारामागील प्रेरणा त्यांचीच होती. १८७६-७७ च्या दुष्काळात या सभेने जनतेच्या हालअपेष्टांची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. १८७८ पासून तिचे त्रैमासिकही निघू लागले.

केवळ अर्जविनंत्यांवर राष्ट्र उभे राहत नाही, हे रानडे जाणून होते. म्हणूनच १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि १८७८ साली लोकहितवादींच्या सहकार्याने मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. या उद्योगाची किंमतही त्यांना मोजावी लागली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या सुमारास सरकारचा संशय बळावला आणि रानडे यांची धुळ्यास बदली झाली.

परंतु या सभांची खरी परीक्षा घरच्यांनीच घेतली. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले. शूद्रातिशूद्रांच्या दुःखाशी ज्यांना कर्तव्य नाही, अशांच्या मेळाव्यात बसण्यात त्यांना अर्थ वाटेना. दहा वर्षांनी दुसऱ्या बाजूने आघात झाला. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेली आणि त्याच वर्षी पुण्याच्या काँग्रेस मंडपात सामाजिक परिषद भरविण्यास कडाडून विरोध झाला. रानडे यांनी हट्ट धरला नाही. परिषद अन्यत्र भरली आणि पुढील वर्षी डेक्कन सभा स्थापन झाली.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. मराठी साहित्य संमेलनाची परंपरा आजही १८७८ पासूनच मोजली जाते. मात्र तिचा अभिमान बाळगताना फुले यांच्या नकाराचेही स्मरण ठेवले पाहिजे. संस्था काढणे हे राष्ट्रकार्य खरेच. पण तिच्या दाराबाहेर कोण उभे आहे, हे पाहिल्यावाचून ते पुरे होत नाही.