प्रार्थनेला चाल देणारे संगीतकार : वसंत देसाई

सकाळची घंटा होते, वर्गावर्गाच्या रांगा मैदानावर उभ्या राहतात, हात जोडले जातात आणि प्रार्थना सुरू होते. मराठी प्रार्थनांबरोबर दोन हिंदी प्रार्थनाही तुम्हा सर्वांना तोंडपाठ आहेत. एकीत जगाच्या मालकाला हाक मारलेली आहे, तर दुसरीत मनाला बळ मागितलेले आहे. या दोन्ही प्रार्थना मूळच्या चित्रपटांतल्या आहेत, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे?

पहिली १९५७ सालच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटातली, तर दुसरी १९७१ सालच्या 'गुड्डी'तली. पहिली भरत व्यास यांनी लिहिली, दुसरी गुलजार यांनी. पहिली लता मंगेशकर यांनी गायिली, दुसरी वाणी जयराम यांनी. दिग्दर्शकही वेगवेगळे. दोन्हींना चाल देणारा संगीतकार मात्र एकच, आणि तो आपला मराठी माणूस. त्यांचे नाव वसंत देसाई. रोज ज्यांची चाल आपण गातो, त्यांची ओळख आपल्याला असायला हवी, म्हणून हा लेख.

वसंत देसाई यांचा जन्म ९ जून १९१२ रोजी सोनवडे या गावी झाला. हे गाव कुडाळजवळ, त्या काळच्या सावंतवाडी संस्थानात. बेळगावहून निघून आंबोलीचा घाट उतरला आणि सावंतवाडी मागे टाकली की कुडाळ येते, म्हणजे घाटाखालचे आपले शेजारीच. दशावताराचे खेळ, देवळातली भजने आणि कीर्तने यांचा हा मुलूख. गाणे हे ऐकण्यापुरते नसून सर्वांनी मिळून म्हणायचे असते, ही तिथली जुनी रीत. पुढे त्यांनी दिलेल्या चाली ऐकताना या रीतीची आठवण येते.

त्या वेळी चित्रपटाचे मोठे केंद्र कोल्हापूर होते. १९२९ साली व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. निपाणीहून कोल्हापूर म्हणजे तासाभराची वाट. तरुण वसंत देसाई या कंपनीत दाखल झाले. त्यांना नट व्हायचे होते. 'खूनी खंजर' या १९३० सालच्या मूकपटात त्यांनी काम केले. पुढे १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे. त्यात वसंतरावांना एक गाणे गाण्याची संधी मिळाली.

पण लगेच नाव झाले असे नाही. कंपनीत पडेल ते काम करावे, छोट्या भूमिका कराव्यात आणि संगीत विभागात बसून शिकावे, असा त्यांचा क्रम होता. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. तेथे केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव यांच्यासारखे जाणते संगीतकार काम करीत. त्यांच्या हाताखाली वसंतराव अनेक वर्षे राबले. मोठ्या माणसाच्या जवळ बसून, वाजवून, ऐकून आणि चुका दुरुस्त करून घेऊन ते शिकले. आपल्याला एखादी गोष्ट पहिल्या आठवड्यात जमली नाही की आपण ती सोडून देतो. वसंतराव जवळजवळ दहा वर्षे थांबले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९४२ साली व्ही. शांताराम यांनी प्रभात सोडून मुंबईत राजकमल कलामंदिर ही संस्था काढली. राजकमलच्या १९४३ सालच्या 'शकुंतला' या चित्रपटाचे संगीत वसंतरावांकडे आले. त्यानंतर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या चीनमधील सेवाकार्यावरचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट १९४६ साली आला, त्याचेही संगीत त्यांनीच दिले. १९५१ साली शाहीर होनाजी बाळा यांच्या जीवनावरचा 'अमर भूपाळी' आला. त्यातली पहाटेची भूपाळी आजही अनेक मराठी घरांत सकाळी लागते. हा चित्रपट १९५२ साली फ्रान्समधील कान महोत्सवात दाखवला गेला.

१९५३ साली आचार्य अत्रे यांनी साने गुरुजींच्या पुस्तकावरून 'श्यामची आई' हा चित्रपट काढला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा हा पहिला चित्रपट. त्याचे संगीतही वसंतरावांचे. तेव्हा बेळगाव आणि निपाणी मुंबई राज्यात होते. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांचे बालपण या चित्रपटाच्या गाण्यांवर गेले आहे.

त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपला भाग म्हैसूर राज्यात गेला. पुढच्याच वर्षी 'दो आँखें बारह हाथ' आला. औंध संस्थानात खुल्या तुरुंगाचा जो प्रयोग झाला होता, त्यावरून ही कथा सुचली. ती ग. दि. माडगूळकर यांनी लिहिली. एक तुरुंगाधिकारी सहा कैद्यांना बाहेर नेतो, त्यांच्यावर विश्वास टाकतो आणि ओसाड जमीन पिकवून घेतो, अशी ती कथा. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवातही तो गौरवला गेला.

या चित्रपटातली प्रार्थना नीट ऐका. ती भैरवी रागात आहे, पण त्यात अवघड ताना नाहीत. स्वर फार वर चढत नाही आणि फार खालीही उतरत नाही. प्रत्येक ओळीनंतर श्वास घ्यायला जागा आहे. ठेका संथ आहे, त्यामुळे मागे राहिलेला आवाजही पुढच्या ओळीला सर्वांना येऊन मिळतो. पडद्यावर ही प्रार्थना कैदी एकत्र म्हणतात. गाणे न शिकलेल्या माणसांनाही म्हणता येईल, अशीच ती चाल आहे. म्हणून तर ती चित्रपटगृहातून निघून शाळेच्या मैदानावर आली. ज्याचा आवाज चांगला आहे त्याची ती आहे आणि ज्याचा नाही त्याचीही आहे.

वसंतरावांना सोपे तेवढेच जमत होते, असे कोणी समजू नये. १९५५ सालच्या 'झनक झनक पायल बाजे'चे शीर्षकगीत त्यांनी उस्ताद अमीर खाँ यांच्याकडून गाऊन घेतले. १९५९ सालच्या 'गूँज उठी शहनाई'मध्ये उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई आहे. १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात कांचीच्या शंकराचार्यांनी रचलेले विश्वशांतीचे संस्कृत गीत गायिले, त्याचीही चाल वसंतरावांचीच. एवढ्या थोर कलावंतांसाठी चाली बांधणारा हा माणूस शाळकरी मुलांसाठी चाल बांधतानाही तितकाच विचार करीत असे. १९६८ सालच्या 'आशीर्वाद'मधले आगगाडीचे गाणे अशोककुमार यांच्या तोंडून ऐकताना लहान मुले आजही डोलतात.

'गुड्डी' हा चित्रपट तर शाळेच्या प्रार्थनेनेच सुरू होतो. त्या प्रार्थनेला त्यांनी केदार रागाचा आधार घेतला. याच चित्रपटातून वाणी जयराम यांचा आवाज हिंदी रसिकांना परिचित झाला.

आता एक गोष्ट खास आपल्या भागाची. बाळ कोल्हटकर यांच्या 'देव दीनाघरी धावला' या मराठी नाटकाला वसंतरावांचे संगीत होते. त्यातले ऋणानुबंधावरचे द्वंद्वगीत सर्वश्रुत आहे. ते गायिले कुमार गंधर्व आणि वाणी जयराम यांनी. कुमार गंधर्व यांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावी गावचा. घरची भाषा कन्नड. वाणी जयराम वेल्लोरच्या, मातृभाषा तमिळ. चाल बांधणारा तळकोकणातला. आणि गीत मराठी! भाषेवरून आपल्याकडे किती कडवटपणा येऊन गेला, हे मोठ्यांना सांगायला नको. आपली मायबोली आपण जपलीच पाहिजे, त्यासाठीच ही शाळा आहे. पण मराठी गीत अजरामर करायला कन्नड घरातला गळा लागला, हेही आपल्या मुलांना माहीत असावे. त्याने मराठीचे काही उणे झाले नाही, उलट तिच्या वैभवात भर पडली.

आयुष्याच्या उत्तरार्धात वसंतराव समूहगानाकडे वळले. शाळाशाळांतल्या मुलांना एकत्र करून त्यांच्याकडून देशभक्तीची गीते बसवून घेण्यात ते रमले. २२ डिसेंबर १९७५ रोजी दिवसभराचे ध्वनिमुद्रण आटोपून ते मुंबईत आपल्या घरी परतले आणि इमारतीच्या लिफ्टमध्ये झालेल्या अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघे ६३ वर्षांचे. मृत्यूच्या दिवशीही ते गाण्याचेच काम करीत होते.

त्यांना जाऊन अर्धशतक झाले. त्यांच्या अनेक चित्रपटांच्या प्रती आता सहज पाहायला मिळत नाहीत. पण त्यांच्या दोन चाली रोज सकाळी हजारो मुलांच्या मुखी असतात. कोणत्याही संगीतकाराला याहून मोठा मान कोणता मिळणार?

पालकांना एक विनंती. सुट्टीत मुलांसोबत 'श्यामची आई' आणि 'दो आँखें बारह हाथ' जरूर पाहा आणि गाणी लागली की संगीतकाराचे नाव सांगा. विश्वस्त मंडळींनाही विनंती, की शाळेत संगीताचा तास टिकावा आणि तो परीक्षेच्या तयारीत बुडू नये.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण प्रार्थनेच्या वेळी नुसते ओठ हलवतात, हे शिक्षकांना दिसत असते. आवाज चांगला नाही म्हणून लाजू नका. ही चाल तुमच्याचसाठी बांधलेली आहे. उद्या घंटा झाली की मोकळ्या गळ्याने गा.