मताचे मोल : बाबासाहेबांच्या चरित्रातील एक धागा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. महाडचे तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षा हे टप्पे कोणालाही सांगता येतात. परंतु या सर्व टप्प्यांमधून एक धागा सलग गेलेला आहे आणि तो सहसा कोणी उचलून दाखवीत नाही. तो धागा म्हणजे मताचा हक्क. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांनी सरकारी समितीपुढे जी पहिली साक्ष दिली ती मतदानाविषयी होती, आणि मृत्यूपूर्वी अडीच वर्षे जी शेवटची निवडणूक ते लढले व हरले, तिच्यातही त्यांनी धरलेला हट्ट मताचाच होता. आपल्या मुंबईत 2009 च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे 41 टक्केच मतदान झाले. जेमतेम पाच महिन्यांपूर्वी, दहशतवादी हल्ल्यानंतर, याच शहरातील हजारो माणसे मेणबत्त्या घेऊन गेटवेपाशी जमली होती. त्या शहरात राहून हा धागा उलगडून पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

बालपण व शिक्षण यांविषयी थोडक्यात सांगतो. 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्म, सुभेदार रामजी सकपाळ यांचे चौदावे अपत्य. साताऱ्यात व नंतर मुंबईत शिक्षण, 1907 साली मॅट्रिक, एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला. परत आल्यावर बडोद्याच्या नोकरीत जी विटंबना वाट्याला आली ती सर्वश्रुत आहे. 1918 च्या अखेरीस ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले.

इथेच आपल्या धाग्याचे पहिले टोक सापडते. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या तयारीत हिंदुस्थानात मताचा हक्क कोणाला द्यावा हे ठरविण्यासाठी साउथबरो समिती आली होती. जानेवारी 1919 मध्ये तिच्यापुढे हा तरुण प्राध्यापक उभा राहिला. मत मिळण्यास मालमत्ता हवी, कर भरलेला हवा, ही त्या काळची सर्वमान्य कल्पना. आंबेडकरांनी प्रश्नच उलटा केला. अस्पृश्याजवळ मालमत्ता नाही, कारण त्याने दुकान मांडले तरी त्याच्या हातचे कोणी घेत नाही. म्हणजे ज्या रूढीने त्याला दरिद्री ठेवले त्याच दारिद्र्याचे निमित्त करून आता मतही नाकारायचे, हा कोणता न्याय? यासाठी अस्पृश्यांपुरती मताची अट खाली आणा आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांना स्वतः निवडू द्या, अशी त्यांची मागणी होती. ती त्या वेळी पदरात पडली नाही. अस्पृश्यांच्या वाट्याला सरकारनियुक्त सभासदच आले, आणि पुढे 1927 साली आंबेडकरही मुंबई कायदेमंडळात गेले ते नियुक्त सभासद म्हणूनच.

सायमन कमिशन आले तेव्हा देशभर बहिष्कार होता. आंबेडकर मात्र मुंबई इलाख्याच्या साहाय्यक समितीत बसले आणि त्याबद्दल त्यांनी पुष्कळ दूषणे सोसली. या समितीच्या बहुमताच्या अहवालावर त्यांनी सही केली नाही. मे 1929 मध्ये त्यांनी आपला स्वतंत्र अहवाल दिला. तो आज वाचताना आश्चर्य वाटते. प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषास मत द्या, अशी त्यात स्पष्ट मागणी आहे. अशिक्षितांना मत वापरता येणार नाही या आक्षेपावर त्यांचे उत्तर असे की मत वापरणे हेच एक शिक्षण आहे. पाण्यात पाय न घालता पोहणे येत नाही, तसेच हे. आणि दुसरा मुद्दा त्याहून खोल होता. राज्यकारभार म्हणजे एकत्र राहण्याच्या अटी ठरविणे. त्या अटी ज्याच्यावर सर्वांत जाचक पडण्याचा संभव, त्या गरिबालाच मताची गरज अधिक. श्रीमंताचे मतावाचून फारसे अडत नाही.

हा दुसरा मुद्दा वाचताना मला आपल्या मरोळची आठवण झाली. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींबरोबर मतदार यादीच्या कामासाठी येथील चाळींतून आणि नव्या सोसायट्यांतून फिरताना एक गोष्ट ध्यानात येते. चाळीत नाव यादीत आहे की नाही याची चौकशी माणसे स्वतःहून करतात. लिफ्ट असलेल्या इमारतीत बेल दोनदा दाबावी लागते आणि एका मताने काय होते हा प्रश्न ऐकावा लागतो. सगळीकडे असेच असेल असा माझा दावा नाही. पण शंभर वर्षांपूर्वी मालमत्ता असलेल्यालाच मत देणारे कायदेपंडित हे दृश्य पाहून जरा ओशाळले असते.

गोलमेज परिषद आणि पुणे करार यांची हकीकत येथे लांबवीत नाही. फक्त मतांच्या अंगाने तिच्याकडे पाहू. 1932 च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना दोन मते दिली होती. एक मत स्वतंत्र मतदारसंघात आपला माणूस निवडण्यासाठी, दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. गांधीजींच्या उपोषणानंतर 24 सप्टेंबर 1932 रोजी येरवड्याला करार झाला. राखीव जागा वाढून 148 झाल्या, परंतु ते दुहेरी मत गेले. बाबासाहेबांना हा सौदा शेवटपर्यंत सलत राहिला. जागांची संख्या वाढली यावर आपण समाधान मानतो. त्यांचे लक्ष त्या जागेवरचा माणूस कोणाच्या मतांनी येणार याकडे होते. पुढील सर्व निवडणुकांत त्यांच्यापुढे हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांत उभा राहिला.

1936 साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि फेब्रुवारी 1937 मध्ये 17 उमेदवार उभे केले. त्यांतील बहुसंख्य निवडून आले. स्वतः बाबासाहेब भायखळा-परळ भागातून उभे होते. समोर काँग्रेसतर्फे पळवणकर बाळू, म्हणजे अस्पृश्य समाजातून वर आलेले आणि साऱ्या हिंदुस्थानात गाजलेले क्रिकेटपटू. सामना अटीतटीचा झाला आणि बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी विजयी झाले. त्या वेळी मुंबई इलाख्यात एकाहून अधिक जागांच्या मतदारसंघात मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. संख्येने थोड्या असलेल्या समाजाला ही पद्धत फार उपकारक होती. पण ती वापरायची तर मतदाराला ती समजली पाहिजे, आणि त्याने गिरणीची पाळी सांभाळून मतदानाला आले पाहिजे. अक्षरओळख नसलेल्या कामगाराने हा हिशेब बरोबर केला. मत वापरणे हेच शिक्षण, हे आठ वर्षांपूर्वीचे म्हणणे असे खरे ठरले.

घटना समितीत ते प्रथम बंगालमधून गेले. फाळणीनंतर ते स्थान गेले, तेव्हा जुलै 1947 मध्ये मुंबईतून पुन्हा निवडून आले आणि ऑगस्टअखेर मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. सज्ञान मतदानाचे कलम घटनेत फारशा विरोधावाचून आले, त्यासाठी एकवीस वर्षांची अट ठरली (ती 1989 साली अठरा झाली). मला अधिक महत्त्वाची वाटते ती 15 जून 1949 ची घटना. मतदार याद्या व निवडणुका प्रांतांच्या हाती ठेवाव्यात असा आधीचा विचार होता. तो बदलून साऱ्या देशासाठी एकच स्वतंत्र निवडणूक आयोग असावा, ही दुरुस्ती बाबासाहेबांनी मांडली. काही प्रांतांत भाषेने वा वंशाने परक्या असलेल्या लोकांना यादीतून वगळण्याचे उद्योग सुरू असल्याच्या तक्रारी होत्या, हे त्यांनी कारण दिले. मत कागदोपत्री असते आणि यादीतून नाहीसे होते, ही गोष्ट त्यांनी वेळीच ओळखली. पहिल्या निवडणुकीत सुकुमार सेन यांच्या आयोगाला सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर ठेवावी लागली. या स्त्रिया आपले नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगत.

आता 1952 कडे वळू. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर सप्टेंबर 1951 मध्ये मंत्रिपद सोडून बाबासाहेब लोकसभेला उभे राहिले ते उत्तर मुंबई शहर मतदारसंघातून. आपला मरोळचा भाग तेव्हा मुंबई उपनगर या वेगळ्या मतदारसंघात होता व तेथून जयश्री रायजी निवडून आल्या. उत्तर मुंबई शहर हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण व एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. पण 1937 ची सोय आता नव्हती, दोन्ही मते एकाला देता येत नव्हती. उमेदवारागणिक निराळी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले तर एक बाद. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि समाजवादी यांची युती होती. आपले दुसरे मत एकमेकांना द्यायचे, असे ठरले होते. सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता उभे होते, कॉम्रेड डांगेही रिंगणात होते. निकाल लागला तेव्हा काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर चौदा हजारांहून अधिक मतांनी पुढे होते. काजरोळकर काही काळ बाबासाहेबांचेच सहकारी होते, असे सांगतात. घटनेचा शिल्पकार त्याच घटनेने दिलेल्या मतांनी पडला.

याहून चटका लावणारी गोष्ट निराळी आहे. बाबासाहेब व अशोक मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला, त्यात बाद ठरलेल्या मतपत्रिकांचा आकडा 74,333 असा होता. पराभवाच्या अंतराच्या कितीतरी पट! दुसरे मत वाया घालवा असा प्रचार कम्युनिस्टांनी केला, अशी त्यांची तक्रार होती. निवडणुकीच्या बोलीत याला मते कुजवणे म्हणतात. निकाल काही बदलला नाही. बाबासाहेब पुढे राज्यसभेवर गेले.

दोन वर्षांनी, 1954 च्या मे महिन्यात, तेव्हाच्या मध्य प्रदेशातील भंडारा येथे पोटनिवडणूक झाली. पुन्हा दोन जागा, पुन्हा बाबासाहेब राखीव जागेवर आणि अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर. प्रकृती खालावलेली, वैशाखाचे ऊन. या वेळी कुजवण्याचा विचार निघाला तो बाबासाहेबांच्याच गोटात. वरच्या जातीचे मतदार दुसरे मत बाबासाहेबांना देतील याचा फेडरेशनच्या कार्यकर्त्यांना भरवसा नव्हता. मुंबईचा अनुभव ताजा होता. मग आपणही आपले दुसरे मत कोणाला देऊ नये, असा त्यांचा रोख. त्या निवडणुकीत त्यांच्याबरोबर काम केलेल्यांच्या आठवणींत असे येते की बाबासाहेबांनी हा सल्ला साफ झिडकारला. ज्याने घटना लिहिली त्यानेच लोकांना मत फेकून द्यायला शिकवावे हे त्यांना मान्य नव्हते. पडलो तरी चालेल, पण दोन्ही मते द्या, असा त्यांचा आग्रह होता. व्यवहारी माणसाला हा हट्ट वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु 1919 पासूनचा त्यांचा विचार ध्यानी घेतला तर त्यांना दुसरे काही सांगणे शक्यच नव्हते. मत वापरून माणूस शिकतो असे ज्याने पस्तीस वर्षे सांगितले, त्याने मत न वापरण्याची शिकवण कोणत्या तोंडाने द्यावी? अनुयायांची समजूत घालणे सोपे गेले नसणार, कारण त्यांचा राग प्रेमापोटी होता.

त्यांनी ऐकले. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून अधिक मतांनी पडले.

यानंतर ते निवडणुकीला उभे राहिले नाहीत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर लोटलेला जनसागर मुंबईने त्यापूर्वी क्वचितच पाहिला होता.

तीनच महिन्यांनी, 1957 च्या सार्वत्रिक निवडणुकीत, नेता नसलेले ते लोक पुन्हा रांगेत उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने फेडरेशन, समाजवादी व कम्युनिस्ट यांना एका समितीत आणले होते. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड लोकसभेवर गेले, कोपरगावातून बापूसाहेब कांबळे गेले. मुंबई शहर मध्य हा मतदारसंघ दोन जागांचा होता. तेथील सर्वसाधारण जागेवर निवडून आले कॉम्रेड डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. पाच वर्षांपूर्वी कुजलेले दुसरे मत या खेपेस पेटीत नीट पडले होते.