सर फिरोजशहा मेहता

सर फिरोजशहा मेहता यांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईस पारशी कुटुंबात झाला. १८६८ साली ते विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले. १८७१ साली म्युनिसिपल कमिशनर क्रॉफर्डसाहेबांच्या खर्चावर लोक खवळले होते. फिरोजशहांनी भर सभेत सांगितले की, शहर सुधारले तेही त्यांनीच. खरा दोष, कारभारावर करदात्यांचा ताबा नाही, हा आहे. सभा बिथरली, पण ते डगमगले नाहीत. १८७२च्या कायद्याने ६४ पैकी ३२ सभासद निवडण्याचा हक्क करदात्यांना मिळाला. १८८८च्या कायद्यातही त्यांचा मोठा हात होता. चार वेळा ते कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी ते निवर्तले. भगिनींनो, तेव्हा मत थोड्या पैसेवाल्यांनाच होते. आज ते आपणा साऱ्याजणींना आहे. पंचायतीत घरपट्टीचा हिशेब विचारण्यास संकोच कशाला?