हद्दपार झालेला माणूस इजिप्तचा पंतप्रधान झाला, पण एका खुनामुळे दहा महिन्यांत खुर्ची गेली

इजिप्तमध्ये लालभडक, करकरीत खजुराची एक जात मिळते. तिचं नाव झगलूल. इंग्रजांनी ज्या नेत्याला उचलून देशाबाहेर नेऊन सोडलं, त्याचं आडनावही हेच. साद झगलूल यांचं नाव घेण्याची चोरी झाली, तेव्हा संगीतकार सय्यद दरवीश यांनी सरळ खजुरावर गाणं बांधलं आणि लोकांनी ते आपल्या नेत्यासाठी गायलं, असं तिकडे आजही सांगतात.

पण यातली खरी गंमत वेगळीच आहे. वयाची पन्नाशी ओलांडेपर्यंत हेच झगलूल इंग्रजांच्या मर्जीतले होते.

त्यांचा जन्म १८५० च्या दशकातला, नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या इब्याना गावचा. वडील गावचे प्रमुख, म्हणजे आपल्याकडच्या पाटलासारखे. कैरोच्या अल-अझहरमध्ये शिकताना जमालुद्दीन अफगाणी आणि मुहम्मद अब्दुह या सुधारकांशी त्यांची गाठ पडली. १८८२ मध्ये इंग्रजांनी इजिप्तचा ताबा घेतला. पुढच्या वर्षी झगलूल काही काळ तुरुंगातही जाऊन आले. बाहेर आल्यावर मात्र त्यांनी वकिलीत जम बसवला आणि पुढे ते न्यायाधीश झाले. चाळिशीच्या आसपास फ्रेंच शिकून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. लग्न केलं ते सफिया यांच्याशी. सफिया यांचे वडील मुस्तफा फहमी हे देशाचे पंतप्रधान, आणि इंग्रजांच्या शब्दाबाहेर न जाण्याबद्दल प्रसिद्ध.

१९०६ साली दिनशवाय गावात कबुतरांच्या शिकारीवरून इंग्रज अधिकारी आणि गावकऱ्यांची मारामारी झाली. त्यात एक अधिकारी दगावला, तोही उन्हाच्या तडाख्यानं. शिक्षा म्हणून चार गावकऱ्यांना फाशी दिली गेली, बाकीच्यांना फटके आणि कैद. ही शिक्षा देणाऱ्या न्यायमंडळात झगलूल यांचे सख्खे भाऊ अहमद फतही बसले होते. देश संतापला. त्याच वर्षी इंग्रज प्रशासक लॉर्ड क्रोमर यांच्या पसंतीनं झगलूल शिक्षणमंत्री झाले! पुढे न्यायमंत्रीही झाले, पण १९१२ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. १९१३ च्या विधानसभेत निवडून गेले आणि तिथून त्यांनी सरकारला धारेवर धरायला सुरुवात केली.

मग पहिलं महायुद्ध आलं. १९१४ मध्ये ब्रिटननं इजिप्तला अधिकृतपणे संरक्षित राज्य करून टाकलं. शेतकऱ्यांची माणसं, उंट, चारा, सगळं लष्कराच्या कामाला ओढलं गेलं. युद्ध थांबून दोनच दिवस झाले होते. १३ नोव्हेंबर १९१८ ला झगलूल दोन सहकाऱ्यांसह ब्रिटिश उच्चायुक्त विंगेट यांच्याकडे गेले आणि त्यांनी स्वातंत्र्य मागितलं. तुम्ही कोणाचे प्रतिनिधी, असा प्रश्न समोर आला. त्यावर या मंडळींनी गावोगावच्या लोकांकडून सह्या घेतल्या, की आमच्या वतीनं बोलायला आम्ही यांना नेमलंय. एकदम वकिली डोकं! शिष्टमंडळाला अरबीत वफ्द म्हणतात, आणि पक्षाचं नावही तेच पडलं.

८ मार्च १९१९ ला झगलूल यांना पकडून माल्टा बेटावर पाठवलं. इंग्रजांचा हिशोब इथे साफ चुकला. दुसऱ्याच दिवशी विद्यार्थी रस्त्यावर उतरले, मग ट्रामवाले, वकील, रेल्वे कामगार. खेड्यांत लोकांनी रेल्वेचे रूळ उखडले. १६ मार्चला बुरख्यातल्या बायका मोर्चा घेऊन निघाल्या. मुस्लिम आणि कॉप्टिक ख्रिश्चन एकत्र चालले, झेंड्यावर चंद्रकोरीच्या शेजारी क्रॉस आला. महिन्याभरात झगलूल यांना सोडावं लागलं. ते थेट पॅरिसच्या शांतता परिषदेकडे निघाले. मोठी आशा अमेरिकेवर होती, पण ते पोहोचतात न पोहोचतात तोच अमेरिकेनं इजिप्तवरचा ब्रिटिश ताबा मान्य करून टाकला.

डिसेंबर १९२१ मध्ये पुन्हा हद्दपारी. एडन, सेशेल्स, जिब्राल्टर असा त्यांचा प्रवास झाला. मागे सफिया यांनी घर आणि चळवळ दोन्ही चालू ठेवलं. लोक त्यांना इजिप्तची आई म्हणू लागले आणि त्यांच्या घराला राष्ट्राचं घर. ज्या पंतप्रधानानं इंग्रजांपुढे मान तुकवली, त्याचीच ही मुलगी.

फेब्रुवारी १९२२ मध्ये ब्रिटननं इजिप्त स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं, पण चार गोष्टी स्वतःकडे ठेवल्या: सुएझसह दळणवळण, संरक्षण, परदेशी लोक व अल्पसंख्याकांचे हितसंबंध आणि सुदान. सुएझ सोडणं त्यांना परवडणारंच नव्हतं, लंडनहून मुंबईला येणारी जहाजं तिथूनच यायची. उरलेल्याला स्वातंत्र्य म्हणायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

१९२३ मध्ये राज्यघटना आली, झगलूल परतले. जानेवारी १९२४ च्या निवडणुकीत वफ्दनं सुमारे ९० टक्के जागा मारल्या आणि झगलूल पंतप्रधान झाले. जुलैमध्ये कैरो स्टेशनवर एका तरुणानं त्यांच्यावरच गोळी झाडली, त्यातून ते वाचले. त्यानंतर लंडनला जाऊन मॅकडोनाल्ड यांच्याशी बोलणी केली, ती फिसकटली.

१९ नोव्हेंबरला कैरोत भर रस्त्यात सर ली स्टॅक यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते सुदानचे गव्हर्नर जनरल आणि इजिप्शियन लष्कराचे सरसेनापती. म्हणजे स्वतंत्र देशाच्या सैन्याचा प्रमुख इंग्रज! दुसऱ्या दिवशी ते गेले. उच्चायुक्त ॲलनबी घोडदळ घेऊन झगलूल यांच्या दारात आले. मागण्या अशा: माफी मागा, ५ लाख पौंड दंड भरा, निदर्शनं बंद करा, सुदानमधून इजिप्तचं सैन्य काढा. झगलूल यांनी दंड भरला, पण सुदानच्या मागणीला नकार देऊन २४ नोव्हेंबरला राजीनामा दिला. पुढच्या सरकारनं ते सगळं मान्य केलं.

लोकांनी त्यांना सोडलं नाही. मार्च १९२५ मध्ये नव्या संसदेनं त्यांना अध्यक्ष निवडलं, तर राजा फुआद यांनी त्याच दिवशी संसद बरखास्त केली. १९२६ मध्ये वफ्द पुन्हा जिंकला. पण ते पंतप्रधान होणं ब्रिटनला चालणार नव्हतं. खुर्ची अदली पाशांना मिळाली, झगलूल संसदेचे अध्यक्ष झाले.

२३ ऑगस्ट १९२७ ला ते गेले. त्यांच्या घराजवळ फारोंच्या मंदिरासारखी भव्य समाधी उभारली गेली. ती तयार होईपर्यंत सत्तेवर आले होते इस्माईल सिद्की, माल्टाच्या हद्दपारीतले त्यांचे जुने सोबती आणि नंतरचे कट्टर विरोधक. त्यांच्या काळात त्या वास्तूत प्राचीन राजांच्या ममी ठेवल्या गेल्या. वफ्द सत्तेवर परतल्यावर, १९३६ मध्ये, ममी हलवल्या गेल्या आणि झगलूल यांना तिथे आणण्यात आलं.