रायपूरच्या डॉक्टर राधाबाई

छत्तीसगढची राजधानी रायपूर येथे मुलींचे एक शासकीय महाविद्यालय आहे. त्याच्या नावात 'डॉक्टर राधाबाई' ही दोन पदे येतात. ह्या डॉक्टरीणबाईंनी कोणत्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविली होती, असे कोणी विचारील तर उत्तर सोपे आहे : कोणत्याच नाही. त्या नगरपालिकेच्या सुईण होत्या. डॉक्टर ही उपाधी त्यांना रायपूरच्या लोकांनी दिली आणि ती इतकी चिकटली की पुढे सरकारी कागदांनीही ती निमूटपणे मान्य केली. विद्यापीठांनी दिलेल्या किती पदव्या त्या त्या माणसाच्या मागे पाऊणशे वर्षे टिकतात, हा हिशेब आम्ही वाचकांवरच सोडतो.

रायपूरशी निगडित अशी दोन मराठी नावे परप्रांतीय मराठी मंडळींच्या तोंडी असतात. एक पंडित माधवराव सप्रे यांचे. 1900 साली त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' व समर्थांचा 'दासबोध' हिंदीत नेले. दुसरे वामनराव लाखे यांचे. ते त्या मासिकाचे प्रकाशक व रायपूरच्या सहकारी चळवळीचे एक आधारस्तंभ होते. सप्र्यांच्या नावाची शाळा आणि लाख्यांच्या नावाचे नगर त्या शहरात आजही आहे. राधाबाईंचे नाव मात्र आपल्या लोकांत क्वचितच निघते. त्यांनी मासिक काढले नाही, ग्रंथ लिहिला नाही, अध्यक्षीय भाषण केले नाही. त्यांनी जे केले ते माजघरात, न्हाणीघरात आणि झोपडीत केले. आणि अशा कामांची बखर लिहिण्याची आपल्याकडे चाल नाही.

राधाबाईंचा जन्म 1875 सालचा, नागपुरातला. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे लग्न लहानपणीच झाले आणि वयाच्या नवव्या वर्षी त्यांस वैधव्य आले. नऊ वर्षांची विधवा म्हणजे काय, हे आपल्या पणज्यांच्या पिढीला सांगावे लागत नव्हते. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनी 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, हे खरे. परंतु पंडिता रमाबाईंचे शारदासदन 1889 चे, आणि अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम 1896 चा. राधाबाईंच्या कपाळीचे कुंकू पुसले गेले तेव्हा हे दोन्ही आश्रय उभे राहावयाचे होते, आणि उभे राहिले तेही नागपूरपासून फार दूर. त्यांना आधार मिळाला तो कोणत्या संस्थेचा नव्हे, तर एका शेजारणीचा. तिच्या मायेखाली त्या वाढल्या, हिंदी शिकल्या, आणि सुइणीच्या कामाकडे वळल्या.

ह्या व्यवसायाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण राधाबाईंच्या पुढील आयुष्याची किल्ली तेथेच आहे. विटाळाच्या कल्पनेने बाळंतिणीची खोली दहा दिवस वाळीत टाकलेली असे. घरातील सर्वांत काळोखी, कोंदट जागा तिच्या वाट्याला येई. नाळ कापावयाचे हत्यार उकळून घेण्याची समज नसे, आणि त्यापायी धनुर्वाताने कितीतरी अर्भके पहिल्या पंधरवड्यातच जात. हे काम करणारी स्त्री नाडलेल्या घटकेला देवासारखी आणि एरवी ओटीवरही न घेण्याजोगी. 1885 साली निघालेल्या डफरिन फंडाच्या वेळेपासून सुइणींना शिक्षण देण्याचे प्रयत्न चालले होते, आणि काही नगरपालिका पगारी सुइणी नेमू लागल्या होत्या. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने परिचारिकांच्या शिक्षणाला प्रतिष्ठा मिळवून दिली. तरी गावोगावचे सोवळे काही एवढ्याने सुटले नाही.

आणखी एक विसंगती येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. विधवेचे दर्शन अशुभ मानणारा हाच समाज. बारशाला, हळदीकुंकवाला तिने पुढे यावयाचे नाही, ओटी भरावयाची नाही. परंतु घरात जन्मणाऱ्या प्रत्येक जीवाला पहिला स्पर्श होई तो ह्या विधवेच्याच हाताचा. राधाबाईंनी ह्या विसंगतीवर वाद घातल्याचे कोठे आढळत नाही. त्यांनी काम करून ती निरर्थक ठरविली.

1918 साली त्या रायपूरला आल्या व नगरपालिकेच्या सेवेत सुईण म्हणून रुजू झाल्या. तो इन्फ्लुएंझाच्या साथीचा वर्षकाल. मध्यप्रांत हा त्या साथीने हिंदुस्थानात सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. नागपूर ही ह्या प्रांताची राजधानी आणि रायपूर हे छत्तीसगढचे मुख्य ठाणे. रेल्वेने दोन्ही जोडलेली असली तरी बोली निराळी, चालीरीती निराळ्या. छत्तीसगढीत सुइणीला जवळजवळ आपलाच शब्द आहे, सुइन. परक्या गावी पाय ठेवताना आपल्या भाषेतला एखादा शब्द असा अवचित भेटला की मनाला केवढा धीर येतो, हे आपणां परप्रांतीयांस निराळे सांगावयास नको.

पुढील दोन-तीन वर्षांत त्या साऱ्या शहराच्या झाल्या. ब्राह्मणपाऱ्यातील वाडा असो, मुसलमानाचे घर असो की सफाई कामगाराची खोपटी, बोलावणे आले की त्या जात. सुईण एका दिवसाची पाहुणी नसते. बाळ-बाळंतिणीच्या न्हाणीसाठी ती पुढेही येत राहते. घरात काय शिजते, कोण कोणाशी बोलत नाही, सुनेच्या अंगावरचे वळ कशाचे, हे तिला न विचारता कळते. पुरुष पुढाऱ्यांना ज्या दिंड्यांच्या आत जन्मभर जाता आले नाही, त्या दिंड्या राधाबाईंना अपरात्री उघडल्या जात. राजकारणाचे भांडवल म्हणावे तर त्यांच्यापाशी एवढेच होते. आमच्या मते ते लहान नव्हते.

डिसेंबर 1920 मध्ये महात्मा गांधी पहिल्यांदा रायपूरला आले. त्यामागे धमतरीजवळच्या कंडेल गावच्या शेतकऱ्यांचा लढा होता. कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून सरकारने त्यांच्यावर दंड बसविला होता. दंड भरावयाचे त्यांनी नाकारले. पंडित सुंदरलाल शर्मा, बाबू छोटेलाल श्रीवास्तव आणि धमतरीचे नारायणराव मेघावाले हे त्या सत्याग्रहाचे पुढारी. गांधीजींच्या रायपूर भेटीत स्त्रियांचीही सभा झाली, आणि अंगावरचे दागिने उतरवून देणाऱ्या स्त्रिया तेथे निघाल्या. राधाबाईंच्या सार्वजनिक आयुष्याचा आरंभ ह्याच काळातला. तेव्हा त्यांचे वय पंचेचाळीस होते. त्या वयाच्या विधवेने काशीयात्रेचा विचार करावा, अशी लोकरीत होती.

त्यांनी चरखा घेतला, खादी घेतली, आणि ती घरोघर नेली. प्रभातफेरीला बायका जमवू लागल्या. उत्तरेकडून येऊन स्थायिक झालेल्या प्रतिष्ठित घराण्यांत तेव्हा पडद्याची चाल कडक होती. छत्तीसगढची शेतकरीण पूर्वीपासून उघड्या तोंडाने रोवणी-कापणी करीत आली होती. पडदा ही शहरातील खात्यापित्या घरांची मिरास. तो सोडविणे व्याख्यानांनी साधले नसते. परंतु सून राधाबाईंबरोबर जात आहे म्हटल्यावर सासूला नाही म्हणणे अवघड होते; त्या सासूचीही बाळंतपणे कदाचित ह्याच बाईंनी केलेली असत. पडदा फाटला नाही, हळूहळू विरत गेला.

1930 साल उजाडले. मध्यप्रांताला समुद्र नाही, त्यामुळे मिठाच्या सत्याग्रहाची ऊर्मी येथे जंगलाकडे वळली. आपल्याकडे पुसदला लोकनायक अण्यांनी जंगल सत्याग्रह केला आणि कुलाबा जिल्ह्यात चिरनेरला गोळीबार झाला, त्याच वर्षी रायपूर जिल्ह्यात रुद्री-नवागावला व तमोऱ्याला लोक सरकारी जंगलात शिरले. तमोऱ्याच्या दयावती नावाच्या मुलीने अधिकाऱ्यासमोर जे धैर्य दाखविले त्याची कथा तिकडे आजही सांगतात. रायपूर शहरात चळवळीच्या पाच पुढाऱ्यांना लोकांनी पांडवांची नावे दिली होती : वामनराव लाखे युधिष्ठिर, महंत लक्ष्मीनारायण दास भीम, ठाकूर प्यारेलाल सिंह अर्जुन, मौलाना अब्दुल रऊफ नकुल आणि शिवदास डागा सहदेव. पाच जण मोजून झाले, पण कुंती कोण हे कोणाला विचारावेसे वाटले नाही!

ती उणीव स्त्रियांनी रस्त्यावर येऊन भरून काढली. डॉक्टर खूबचंद बघेल यांच्या मातोश्री केतकीबाई, फूलकुंवरबाई, रुक्मिणीबाई, पार्वतीबाई आणि अगदी कोवळ्या वयाची रोहिणीबाई परगनिहा अशा कितीतरी जणी त्या वर्षांत पुढे आल्या. विदेशी कापडाच्या दुकानांसमोर निरोधन करणे, मिरवणुका काढणे, अटक झाली तर निमूटपणे तुरुंगात जाणे, हा त्यांचा कार्यक्रम. ह्या सर्वांत वयाने व अधिकाराने राधाबाई वडीलधाऱ्या. 1930 पासून 1942 पर्यंतच्या प्रत्येक सत्याग्रहात त्या होत्या आणि वारंवार तुरुंगात गेल्या. 'चले जाव'च्या वेळी त्यांचे वय सदुसष्ट होते.

तुरुंगवास हा मोठा त्याग खराच, परंतु राधाबाईंचे अधिक अवघड काम तुरुंगाबाहेरचे होते असे आम्हांस वाटते. गांधीजी 1933 च्या नोव्हेंबरात हरिजन दौऱ्यावर पुन्हा रायपूरला आले, आणि तेवढ्यापुरते शहरातील पुष्कळ प्रतिष्ठित लोक अस्पृश्यतानिवारणाच्या बाजूने बोलू लागले. राधाबाई त्या वस्तीत दौऱ्याच्या दिवशी नव्हे, नित्य जात. सफाई कामगारांच्या मुलांना त्या स्वतः न्हाऊ घालीत, त्यांचे कपडे धूत, त्यांना अक्षरे शिकवीत. त्यांच्या घरी सर्व जातींची माणसे एका पंगतीत जेवत. सकाळी ह्या वस्तीत गेलेली बाई दुपारी वाड्यात बाळंतिणीला न्हाऊ घालण्यास गेली तर वाड्याने काय करावे? तिला नाकारावे तर अडल्या वेळी दुसरे कोण येणार? अस्पृश्यतेचा किल्ला भाषणांनी पडत नसे. त्याच्या तटाला अशी भोके पडावी लागत. शास्त्रार्थ न करता राधाबाईंनी ती पाडली.

त्यांच्या कामातील आणखी एक प्रकरण फारसे बोलले जात नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवितो. छत्तीसगढात 'किसबिन नाच' नावाची एक रूढी होती. काही घराण्यांतील मुलींना होळीसारख्या प्रसंगी मालगुजारांपुढे नाचविले जाई. त्यांचे बाप-भाऊच त्यांना नेत आणि घराचा उदरनिर्वाह त्यावर चाले. पुढे त्या मुलींचे काय होई हे सांगण्याची गरज नाही. आपल्याकडील मुरळीची चाल आठवली की हे चित्र डोळ्यांपुढे येईल. तिच्याविरुद्ध महर्षी विठ्ठल रामजी शिंदे झगडले होते. राधाबाई अशा वस्त्यांत गेल्या, त्या घरांतील माणसांशी बोलल्या, नाच सोडून शेतीची वाट धरा असे त्यांनी परोपरीने विनविले, आणि ह्या रूढीच्या उच्चाटनात त्यांचा वाटा मोठा ठरला. अशा सुधारणेत एक धोका असतो. प्रथा बंद करणारा मोठेपणा मिळवून निघून जातो आणि भाकरी हरपलेली बाई मागे राहते. राधाबाईंनी पर्यायी धंद्याचा विचार आधी केला, हा आम्हांस त्यांचा विशेष वाटतो. पोटाचा प्रश्न काय असतो हे वयाच्या नवव्या वर्षीच उघड्यावर पडलेल्या स्त्रीला कोणी शिकवावयाचे?

ह्या सर्व काळात त्या कोठे निवडून गेल्या नाहीत. ज्या नगरपालिकेच्या त्या सेवक होत्या, तिच्या सभागृहात स्त्रीने खुर्चीवर बसावे हा विचारच तेव्हा दूरचा होता. 1935 च्या कायद्यानेही मताचा अधिकार मालमत्ता, शिक्षण किंवा पतीची पात्रता ह्यांवर टांगला होता. राधाबाई ज्यांच्यात वावरल्या त्यांपैकी बहुतेकींपर्यंत तो पोहोचलाच नाही. पुढे 1955 च्या पोटनिवडणुकीत ह्याच मुलुखातून मिनीमाता लोकसभेवर गेल्या. त्याही बाहेरूनच, आसामातून, ह्या मातीत आलेल्या. 1992-93 च्या घटनादुरुस्त्यांनी ग्रामपंचायती व नगरपालिकांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा दिल्या आणि 2008 साली छत्तीसगढने पंचायतींत त्या निम्म्यावर नेल्या. त्या जागांवर बसणाऱ्या सरपंचबाईला आज प्रथम भिडतात ते प्रश्न म्हणजे पाणी, मोरी, बाळंतपण आणि दारू. राधाबाईंनी नगरपालिकेची सुईण म्हणून ह्यांतलेच कितीतरी प्रश्न हाताळले होते. फरक इतकाच की त्यांच्या हाती शिक्का नव्हता.

जानेवारी 1950 च्या आरंभी राधाबाईंचे रायपुरात निधन झाले. प्रत्येक सज्ञान स्त्रीला मताचा हक्क देणारी राज्यघटना अमलात यावयास तेव्हा काही आठवडेच उरले होते. पोटचे मूल त्यांना नव्हते, आणि गावात त्यांच्या हातावर जन्मलेली माणसे मोजता येणार नाहीत इतकी होती. मागे मालमत्ता म्हणून एक घर तेवढे राहिले. ते अनाथालयाला देण्यात आले.